कोंडूच्या नावाचा साबण

"याचं नाव काय गो?" अंबूबाईने विचारलं, आणि हौसाच्या तोंडाला कुलूप लागलं.

शहापूरचा आठवडे बाजार भरला होता. हौसासमोर टोपली, टोपलीत साबणाच्या तपकिरी वड्या, आणि प्रत्येक वडीवर तिच्या नवऱ्याचं नाव: कोंडू. अक्षरं अशी ठसठशीत की आंधळ्यानेही बोट फिरवून वाचावीत. फक्त हौसाला ती उच्चारता येत नव्हती. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते लग्नात, नाहीतर हळदीकुंकवाला, चार बायकांनी दार अडवून धरल्यावर, आणि तेसुद्धा उखाण्यात गुंडाळून. भर बाजारात, वांगी आणि सुकटीच्या मधे बसून कोण घेणार?

त्यातून हौसा या बाबतीत फार कडक. नवऱ्याच्या नावाच्या सावलीलाही ती शिवत नसे. भात कांडल्यावर कोंडा निघतो, त्याला ती 'तांदळाचं सालपट' म्हणे. डोक्यातल्या कोंड्याला 'ते पांढरं'. एकदा दिराची म्हैस सरकारी कोंडवाड्यात नेली, तेव्हा ही धावत शेतावर गेली आणि "भावजी, म्हस तिथं हाय, तिथं!" एवढंच ओरडत राहिली. दीर देवराम तीन दिशा पालथ्या घालून आला. म्हैस चौथ्या दिशेला, उपाशी. त्या दिवसापासून म्हशीनेही हौसाशी बोलणं टाकलं असं खैरेपाड्यात सांगत.

खैरेपाडा म्हणजे शहापूरच्या अलीकडचं तिचं गाव. कोंडू मात्र लग्नापासून मुंबईला, एका साबणाच्या कारखान्यात काहील ढवळायला. हौसाच्या वाट्याला तो यायचा शिमग्याला आणि गौरी-गणपतीला. मग लढाई पेटली, मुंबईवर बाँब पडणार अशी आवई उठली, आणि अर्धी मुंबई ट्रंका-वळकट्या घेऊन सुटली. त्या लोंढ्यात कोंडूही घरी येऊन पोचला. बाँब काही पडला नाही. पण नवरा घरी आला, आणि जपान्यांनी आपल्यावर फार मोठे उपकार केले असं हौसाला मनातून वाटे. बोलून दाखवायची सोय नव्हती.

बाजारातून साबण नाहीसा झाला होता. कोंडूने विचार केला, तेल कढवायचं आणि ढवळायचं एवढंच तर काम. करंजाच्या बिया रानात पडलेल्या, राखेला तोटा नाही. राहता राहिली काहील. गावच्या लग्नांत भात शिजवायची देवरामची लोखंडी काहील होती, ती त्याने मागितली. देवराम थोरला भाऊ, मनाचा वाईट नव्हे, पण बोलायला खडबडीत.

"म्हशाच्या जत्रंपावतर ने," तो म्हणाला. मुरबाडकडच्या म्हसा गावी पौषात गुरांची मोठी जत्रा भरते, तिच्याबद्दल तो बोलत होता. "साबन चालला तर काहील तुझी. नाय चालला तर काहील भंगारात, लढाईनं लोखंडाला लई मागनी आलीय. नि तू आपला मुंबईला."

"मुंबईला?" दाराआड हौसा पुटपुटली.

"मंग? कारखान्यातनं बोलावनं आलंय त्याला, ठावं नाय तुला?"

हौसाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिने भाकरी एका बाजूने करपवल्या.

ठशाचं नाव ठरलं तेही गमतीने. महादू सुताराकडे सागाचा एकच तुकडा शिल्लक होता. कोंडूच्या मनात 'हिंदमाता शुद्ध स्वदेशी धुलाई साबण' असं काहीतरी होतं. महादूने तुकडा उलटासुलटा करून पाहिला. "दोन अक्षरं मावतील," तो म्हणाला. "हिंदमातेला जागा नाय." म्हणून कोंडू.

साबण चांगला झाला. पण कोंडूला तो विकता येईना, कारण कोंडूला खोटं बोलता येत नसे. गिऱ्हाइकाने वडी हातात घेतली की हा सुरू व्हायचा, "वास जरा उग्र हाय. हात लाल व्हतात. रंगीत लुगडं असंल तर नको गो बाय." गिऱ्हाईक वडी अशी खाली ठेवायचं, की जणू तिला नांगी आहे. म्हणून टोपली हौसाच्या डोक्यावर आली, आणि हौसा अंबूबाईच्या समोर.

अंबूबाई म्हणजे शहापूरच्या पेठेतली बडी असामी. तिला ठाऊक नाही अशी गोष्ट पेठेत नव्हती, आणि तिला ठाऊक झालेली गोष्ट पेठेला ठाऊक नाही असंही कधी घडलं नव्हतं. तिला थोडं वाचता येई, आणि जेवढं येत नसे तेवढं ती मनाने भरून काढी. तिने वडी डोळ्यांजवळ नेली.

"को... कों... डू. कोंडू? हां! कोंडा! ठसेवाल्यानं काना चुकवला. डोक्याच्या कोंड्याचा साबन हाय व्हय?"

"तसं नाय," हौसा म्हणाली.

"मंग कसं?"

"ते... आमचे..."

"तुमचे? म्हंजी तुझ्या नवऱ्याचा?"

हौसाने लाजून पदर पुढे ओढला आणि मान हलवली. नवऱ्याचंच तर होतं.

"असं सांग की! मंग गेला का?"

"गेलेत ना," हौसा म्हणाली. कोंडू करंजाच्या बिया वेचायला रानात गेला होता. "सकाळीच गेलेत."

"एका सकाळीत? समदा?"

"दिवस कलला की येतील परत," हौसा पुढे म्हणत होती. पण तोवर अंबूबाईने वडी उंच धरून बाजाराकडे तोंड केलं होतं, आणि अंबूबाईने एकदा बाजाराकडे तोंड केलं की मागून ढोल वाजवले तरी तिला ऐकू येत नसे.

टोपली रिकामी झाली. हौसा घरी आली ती चालत नव्हे, तरंगत आणि धास्तावत. कोंडूने रिकामी टोपली हातात घेतली, तिच्या बुडाकडे पाहिलं, पालथी करून झटकली.

"समद्या खपल्या?"

"समद्या."

"काय बोलले गो लोक?"

हौसाने खूप विचार केला. "नाव लई आवडलं त्यांना."

कोंडूने पटकन तोंड काहिलीकडे फिरवलं आणि ढवळू लागला. काहिलीखाली जाळ नव्हता, आत साबण नव्हता. तरी तो बराच वेळ ढवळत राहिला. ते पाहिल्यावर हौसाचं सांगायचं राहिलं. शिवाय सांगायचं तरी कसं? सांगायला तो शब्द तोंडातून काढावा लागणार, आणि तो शब्द म्हणजे वीतभरावर उभा असलेला नवराच.

पुढच्या बाजाराला तिने सुधारायचा प्रयत्न केला. "कपड्याला लावा हां, कपड्याला," ती प्रत्येकीला सांगू लागली. अंबूबाईने डोळा मिचकावला. "हुशार हायेस गो! औषध म्हनून विकलं तर वैद्य लोक बोंब मारतील. कपड्याला म्हनून विकायचा, डोक्याला लावायचा. कळलं गो बायांनो?" बायांना लगेच कळलं.

नवल असं की अंबूबाईचा कोंडा खरोखर गेला. कशाने गेला देव जाणे. करंजाच्या तेलाच्या वासाला भिऊन पळाला असावा. मग मात्र साबणाची कीर्ती भारंगी नदीच्या पुरासारखी पसरली, आणि पसरता पसरता फुगत गेली. कोंडा जातो, इथून निघालेली गोष्ट किन्हवलीच्या रस्त्याला लागेपर्यंत 'केस गळायचे थांबतात' झाली, आणि मुरबाडला पोचली तेव्हा तिला चांगले वीतभर केस फुटले होते. एका म्हाताऱ्याने वडी हातात धरून नुसता विचार केला, तर त्याच्या तळहाताला लव आली, असं सांगणारे लोक निघाले.

कोंडू दिवसभर ढवळत होता. अंगाला करंजाचा वास, डोळ्यांत धूर, आणि ओठांवर मुंबईत कधी न म्हटलेलं गाणं. "म्हशाला आपून गाडी भरून साबन नेऊ," तो म्हणायचा. हौसा "हां" म्हणायची आणि देवापुढे जास्तीची वात लावायची.

अशात एका दुपारी, कोंडू रानात गेलेला असताना, दारात बैलगाडी येऊन थांबली. गाडीवान रघू मुरबाडचा. गाडी पोत्यांनी शिगोशीग भरलेली.

"आमच्या गिरनीच्या शेटनी पाठवलाय," रघू पोती उतरवत म्हणाला. "तुमी कोंड्याचा साबन करता असं ऐकलं. शेट बोलला, भाताचा कोंडा आपल्याकडं ढिगानं पडलाय, त्यांना नमुना धाड. पसंत पडला तर कायमचा घ्या."

हौसा खांबाला टेकली. एका नवऱ्याच्या नावाने आतापर्यंत डोक्यातला कोंडा गोळा झाला होता, आता गिरणीतलाही आला. अंगणात पोत्यांची रास लागली आणि तेवढ्यात कोंडू आला.

"हे काय?"

"ते आलंय," हौसा म्हणाली.

"ते म्हंजी?"

"ते हो... सालपट."

"कसलं सालपट?"

"तुमच्या... तुमच्यासारखं."

कोंडूने पोत्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे. "माझ्यासारखं सालपट?"

हा खुलासा अर्धवट असतानाच कुंपणाशी आरडाओरडा झाला. लाकडाच्या वखारीवरचे मुनीम, जयरामभाऊ, तरातरा आत आले. माणूस सभ्य, चाळिशीला टेकलेला, अजून बिनलग्नाचा. मुरबाडला स्थळ पाहायला जायचं होतं, म्हणून डोक्यावर चार केस उगवावेत एवढ्या माफक इच्छेने त्यांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ साबण चोळला होता. आता त्यांनी टोपी काढली. टाळू पिकलेल्या तोंडल्यासारखी लालबुंद आणि इतकी चकचकीत, की अंगणातल्या कोंबड्या मान वाकडी करून तीत स्वतःला पाहू लागल्या.

"कोण तो कोंड्याचा साबण करणारा?" मुनीम गरजले.

"मी कोंडू," कोंडू म्हणाला.

"नाव नाही विचारलं! साबण विचारला!"

"साबन बी कोंडूच."

"मस्करी करता? माझ्या डोक्याची आग आग होतेय! होते ते केससुद्धा गेले!"

"डोक्याला लावलात?" कोंडू घाबरून म्हणाला. "साहेब, तो धोतराचा साबन हाय! राखेचा खार हाय त्यात! कोनी सांगितलं तुमाला?"

"तुमच्या मंडळींनी! अख्ख्या बाजारात विचारा!"

गलका ऐकून देवराम गोठ्यातून आला. शेजारपाजारची माणसं कुंपणावर ओणवली. सगळ्यांचे डोळे हौसावर. कोंडूनेही तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. नवरा मनातल्या मनात वळकटी बांधतोय, हे तिला लख्ख दिसलं.

"सांग गो," तो हळूच म्हणाला. "खरं काय ते सांग."

खरं सांगायला नाव हवं. नाव घ्यायला रीत हवी. हौसाने पदर खोचला, पोत्याला धरून उभी राहिली, आणि भांडणाच्या ऐन मध्यावर, लाल टाळूच्या मुनिमाकडे बघत, खणखणीत आवाजात उखाणा घेतला,

"ऐनाची लाकडं, करंजाचं तेल, काहिलीला लागली धग,
कोंडूराव हे नवऱ्याचं नाव, डोक्याला चोळलंत कशाला मग?"

कुंपणावरची एक म्हातारी खुदकन हसली. रघू गाडीवान पोत्यावर बसून हसू लागला. देवराम, जो गावात हसण्याबद्दल प्रसिद्ध नव्हता, त्याने आधी खोकला काढला, मग तो खोकला फुटला आणि आतून हसू बाहेर पडलं. आणि मुनीम? त्यांनी टाळूवरून हात फिरवला, चटका बसला, आणि म्हणाले, "वहिनी, हा उखाणा तुम्ही पहिल्याच बाजाराला घेतला असता तर माझे केस वाचले असते हो!"

हौसाने पळत आत जाऊन त्यांच्या टाळूला ताजं लोणी आणून दिलं. मुनीम लोणी लावून, पाटावर बसून, चहा पिऊन गेले. पुढे त्यांचं मुरबाडचं स्थळ जमलंही. टाळूची लाली कपाळावर उतरली होती, तिला मुलीकडचे लोक ब्रह्मचर्याचं तेज समजले.

रघू काही कोंडा परत न्यायला तयार होईना. शेवटी तो कोंडा देवरामच्या बैलांपुढे पडला. बैल असे चेव आल्यासारखे खाऊ लागले की देवराम दिवसातून चारदा त्यांच्या पाठीवर हात फिरवू लागला. काहिलीचं नाव मात्र त्याने काढलं नाही. शब्द तो शब्द, आणि जत्रा अजून व्हायची होती.

त्या संध्याकाळी कोंडू उंबऱ्यावर बसला होता. "एवढं झालं तरी मला सांगितलं नायस?"

"कसं सांगनार?" हौसा म्हणाली. "आनि तुमी गात होतात."

दुसऱ्या दिवशी कोंडूने कोळशाने फळीवर काहीतरी लिहिलं आणि ती फळी महादूला नेऊन दिली. जुना ठसा तासून नवा झाला. नव्या वड्या टोपलीत रचताना हौसाने विचारलं, "आता काय लिवलंय हो?"

"बाजारात समजंल," कोंडू म्हणाला आणि घाईघाईने लाकडं फोडायला निघून गेला.

बाजारात अंबूबाईने वडी डोळ्यांजवळ नेली. "हौ... सा. हौसा! अगो, हे तर तू!"

हौसाने वडी उलटी धरली, सुलटी धरली. तिला अक्षर येत नव्हतं. पण त्या दोन अक्षरांवरून तिने असं बोट फिरवलं, की अंबूबाईसारखी अंबूबाई, तीसुद्धा दुसरीकडे बघू लागली.

स्वतःचं नाव घ्यायला कुठली आडकाठी! हौसाला कंठ फुटला. "हौसा घ्या, हौसा! कपड्याचा साबन, डोक्याला लावाल तर मी जबाबदार नाय!" आवाज पेठेच्या दुसऱ्या टोकाला जाई. पण खप मात्र बसला. लोकांना कोंड्याचाच साबण हवा होता. "खरं सांगून धंदा बुडवलास बघ," अंबूबाई हळहळली. टोपली अर्धी परत येऊ लागली. कोंडूचं गाणं हळू झालं, मग थांबलं, आणि पौष उजाडला.

म्हशाच्या जत्रेत गाडी लागली. चहूकडे बैल, घोंगड्या, धूळ आणि हाकारे. देवराम आपले कोंडा खाऊन गुटगुटीत झालेले बैल मिरवत होता. हौसा ओरडून ओरडून घसा बसवून बसली होती, पण जत्रेत माणूस बैल घ्यायला येतो, साबण घ्यायला कोण येणार? दुपार कलली तशी ती पाणी प्यायला ओढ्यावर गेली. कोंडू एकटा गाडीपाशी राहिला. आणि नेमका तेव्हाच एका बैलाने शेपूट झटकली.

शेपूट शेणाने भरलेली होती, आणि समोर कल्याणचे एक व्यापारी होते, परीटघडीच्या धोतरात. शेठजींनी धोतराकडे पाहून जो सूर काढला, त्याने तीन बैल बुजले.

"इकडं या शेट," कोंडू म्हणाला. ओचा धरून त्याने बादलीत बुडवला, वडी फिरवली, चोळला, पिळला. डाग गेला. धोतराचा तेवढाच भाग इतका पांढरा झाला, की बाकीचं धोतर मळकं दिसू लागलं.

शेठजींनी वडी हातात घेतली. "चांगला आहे रे!"

"वास उग्र हाय," कोंडू म्हणाला. त्याच्याच्याने राहवलं नाही. "हात लाल व्हतात. रंगीत कापडाला नको. नि डोक्याला तर मुळीच लावू नका."

शेठजी त्याच्याकडे बघतच राहिले. "चाळीस वर्षं धंदा करतोय. स्वतःच्या मालाची निंदा करणारा तू पहिलाच भेटलास. कल्याणला माझं दुकान आहे. तू करशील तेवढा साबण मी घेतो. दर महिन्याला पाठवशील?"

कोंडूने ओल्या हातांनीच नमस्कार केला आणि जोरात मान हलवली. बाजूला उभ्या देवरामने बैलाची दोरी सोडली आणि पुन्हा धरली.

"बरं, गिऱ्हाइकाला नाव काय सांगू?" शेठजींनी विचारलं. "चष्मा विसरलोय, वाचता येत नाही. काय म्हणतात याला?"

हौसा ओढ्यावरून येत होती. तिने पाहिलं, कोंडूने तोंड उघडलं, मिटलं. त्याचे कान तापलेल्या तव्यासारखे लाल झाले. थोरल्या भावासमोर, परक्या माणसासमोर, भर जत्रेत, बायकोचं नाव?

"ते..." कोंडू म्हणाला. "आमच्या... घरातलं..."

"घरातला!" शेठजी खूश झाले. "घरातला साबण! झकास नाव आहे. साधं, सोपं, बायकांना आवडेल असं. ठरलं, घरातला साबण!"

कोंडूने काकुळतीला येऊन हौसाकडे पाहिलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, पुढे झाली, आणि बसलेल्या घशाने म्हणाली, "व्हय शेट, घरातलाच हाय. आता नाय जायाचा कुठं."

"अहो बाई, असं कसं?" शेठजी दचकले. "कल्याणला तर यायला हवा ना!"

"साबन येल शेट, पायजे तेवढा," हौसा म्हणाली. "मी यांचं बोलतेय."